चिंचांवरचा आळ

शैला परब यांना फोनवर आजवर कुणीही 'मॅडम' म्हटलेलं नाही. कुरिअरवाला 'हां भाईसाब' म्हणतो, गॅसवाला 'अंकल', आणि क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी 'सर'. शैलाताई कुणाचीच चूक सुधारत नाहीत. "काय फरक पडतो यार," त्या म्हणतात, "पार्सल आल्याशी मतलब."

बोरीवलीला आमच्या समोरच्या दारात त्या आणि त्यांची त्र्याऐंशी वर्षांची आई, दोघीच राहतात. ताईंना अठ्ठावन्न पूर्ण झाली, लग्न केलं नाही, आणि आवाज असा, की कुणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय असं वाटावं. एका सरकारी खात्यात त्या तक्रारींचा फोन घ्यायच्या. निम्मे लोक त्यांचं 'बोला' ऐकूनच तक्रार मागे घेत.

बिल्डिंगमधल्या बऱ्याच मुलींच्या त्या फोनपुरत्या बाप आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या केतकीला एक जण फोन करकरून छळत होता. तिचे वडील भला माणूस, त्यांनी 'ब्लॉक कर' एवढाच सल्ला दिला. तो दुसऱ्या नंबरवरून करायला लागला. शेवटी केतकी वाजणारा फोन घेऊन ताईंकडे आली. ताईंनी तो कानाला लावला आणि म्हणाल्या, "बोल. मी तिचा बाप बोलतोय." परत कधी फोन आला नाही. खऱ्या बापाने दुसऱ्या दिवशी डबाभर करंज्या पाठवल्या.

ह्या आवाजाचं कारण म्हणजे ताईंचे 'पाहुणे'. त्यांच्या स्वरयंत्रावर चामखिळीसारखे कोंब येतात, चार वर्षांच्या होत्या तेव्हापासून. साधे असतात, कॅन्सरबिन्सर नाही. पण वाढले की आधी आवाज जातो, मग श्वास अडायला लागतो. डॉक्टर ते काढून टाकतात आणि दीड-दोन वर्षांनी ते परत हजर. "पाहुणे आलेत रे," असं ताई जिन्यात सांगतात, तेव्हा एखादा नवा भाडेकरू आदराने विचारतो, "कुठून?"

आईंचं, म्हणजे आमच्या आजींचं, निदान मात्र पक्कं आहे. चिंचा. आजी मूळच्या मालवणकडच्या, आणि पन्नासेक वर्षं एकच आरोपपत्र वाचतायत: "किती सांगलंय तुका, चिंचा खाव नको. आयकलंस? आता भोग." एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या शैलाताई खाली मान घालून म्हणतात, "चुकलं गं आई."

गेल्या वर्षी माझ्या सईचा नववा वाढदिवस होता. ताई आल्या, केक घेतला आणि भर पाहुण्यांत म्हणाल्या, "नऊ झाली ना? लस कधी?" माझ्या सासूबाईंना वाटलं कांजिण्यांची. मग ताईंनी त्या आवाजात एचपीव्ही नावाच्या विषाणूचं अख्खं खानदान समजावून सांगितलं. एक भाऊ बायकांना कॅन्सर करतो, दुसरा घशात कोंब आणतो, आणि लस वेळेवर घेतली तर दोघांनाही दारातून हाकलता येतं. मुलग्यांनाही द्या, म्हणाल्या. तो पसरतो कसा हेही त्यांनी सांगून टाकलं, तेव्हा लोकांचे वेफर्स हातातच राहिले. मी वैतागलो. रात्री बायकोला म्हणालो, "स्वतः चिंचा खाल्ल्या, आणि उपदेश आम्हाला." ते वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

ह्या पावसाळ्यानंतर पाहुणे परत आले. आजींना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून दोघींना मीच गाडीने हॉस्पिटलात नेलं. नेहमीचे डॉक्टर निवृत्त झाले होते. नवी डॉक्टर तरुण, हुशार आणि सविस्तर बोलणारी. कागद वाचून ती म्हणाली, "चौथ्या वर्षापासून आहे? मग हा विषाणू बहुतेक जन्माच्या वेळीच आईकडून—"

"डॉक्टर," ताई म्हणाल्या. आवाज जवळजवळ गेलेलाच होता. त्यांनी नुसता तळहात टेबलावर ठेवला आणि डोळ्यांनी शेजारच्या खुर्चीकडे दाखवलं. डॉक्टर थांबली.

आजींना कमी ऐकू येतं. त्या माझ्याकडे वळल्या. "काय सांगता रे ती?"

मी स्वतःला फार स्पष्टवक्ता समजतो. "चिंचा, आजी," मी म्हणालो. "चिंचाच म्हणते."

आजींनी समाधानाने मान हलवली.

नंतर आजींना गाडीत बसवून ताई मला बाजूला घेऊन गेल्या. "मला पंचविशीतच कळलं रे," त्या कुजबुजल्या. "तिच्या अंगात काही होतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. कळायला काही मार्गच नव्हता तेव्हा. दोष नाहीच तिचा. पण मी सांगितलं ना, तर 'दोष नाही' एवढं सोडून बाकी सगळं ऐकेल ती." मग जरा हसल्या. "मी चिंच खातच नाही. दात आंबतात माझे."

सईला त्याच आठवड्यात लस दिली, एवढंच मी करू शकलो.

ऑपरेशन नीट झालं. ताईंना आठवडाभर एक शब्दही बोलायची बंदी होती. संध्याकाळी मी आजींना घेऊन वॉर्डात गेलो. ताई जाग्या होत्या. आजी खाटेशेजारी बसल्या, लेकीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तो चोळत राहिल्या. मी आरोपपत्राची वाट बघत होतो. आजींनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांना वाटलं असावं, आपण हळूच बोलतोय.

"डाक्टरांका तू इचारलंस मां?" त्या म्हणाल्या. "लहान हुती तेवा... माझ्याकडसून काय चुकाक नाय मां रे?"

ताई उशीवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं.

"नाही आजी," मी म्हणालो. "तुमच्याकडून काहीच चुकलं नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय."

डॉक्टरांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. पण मी खोटं बोललो नाही.