सोबतीचे साहेब

"लिफ्ट दुरुस्त करायला हत्यारं नंतर लागतात. आधी नीट खाकरता यावं लागतं!" असं रुबाबराव कँटीनमध्ये छातीठोकपणे सांगत.

रुबाबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खुद्द त्यांनाही खऱ्या नावापेक्षा हेच पटत असे. देह न्यायाधीशाचा, आवाज नगाऱ्याचा आणि मिशा अशा, की समोरच्याला विनाकारण आपल्या चुका आठवाव्यात. एवढा सगळा ऐवज घेऊन ते एका लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत आवक-जावक कारकून होते. लिफ्टबद्दलचं त्यांचं ज्ञान वर जायचं बटण आणि खाली यायचं बटण इथे संपत असे. घाईत असले तर तिथेही गडबड व्हायची.

तरीही गावभर त्यांची ख्याती बडे इंजिनियर म्हणून होती. ती कशी, ते ऐका.

कंपनीत एक इंजिनियर बाई होत्या. लिफ्टचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं कुठे आहे ते सांगणाऱ्या. पण अडचण व्हायची दारातच. बाई हत्यारांची पिशवी घेऊन इमारतीत शिरल्या, की सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत. "साहेब गाडी लावतायत का?" एकांनी तर त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि इंजिनियर येण्याची वाट बघत दोघं बसून राहिले. इंजिनियर बाईच आहेत हे समजल्यावर ते म्हणाले, "असं का! मग उद्या पाठवा कुणाला तरी."

मॅनेजरांनी यावर तोडगा काढला. मॅनेजर पुरोगामी होते, निदान स्वतः तसं वरचेवर सांगत. "समानतेवर माझा पूर्ण विश्वास आहे हो! प्रश्न फक्त गिऱ्हाइकांचा आहे. तेव्हा बाईंच्या सोबत एक पुरुष जाईल. जो रिकामा असेल तो."

रुबाबराव कायमच रिकामे असत.

काम सोपं होतं. हात मागे बांधून उभं राहायचं, अधूनमधून "हं" म्हणायचं आणि फारच आग्रह झाला तर "बघू" म्हणायचं. बाई मशीनमध्ये डोकं घालून बसत. गिऱ्हाईक रुबाबरावांना विचारी, "साहेब, काय झालंय?" मग बाई आतून पुटपुटत, "ब्रेकची कॉइल."

"ब्रेकची कॉइल!" रुबाबराव गरजत.

"बघा! नुसतं बघून सांगितलं!" गिऱ्हाईक धन्य.

सुरुवातीला रुबाबरावांना लाज वाटली. एकदा ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अहो, सगळं यांनी केलंय." त्यावर सेक्रेटरी गहिवरले. "एवढे मोठे इंजिनियर, पण हाताखालच्यांना किती मान देतात!" त्यानंतर रुबाबरावांनी प्रामाणिकपणाचा नाद सोडला. कौतुकाची सवय लागायला वेळ लागत नाही. मग फोन येऊ लागले, "त्या मोठ्या साहेबांनाच पाठवा. आणि पिशवी धरायला त्या बाई आल्या तरी चालतील."

इथपर्यंत सगळा गमतीचा मामला होता. पण तेवढ्यात चीफ इंजिनियर निवृत्त झाले. त्यांचं निम्मं काम आधीपासून बाईच करत होत्या, त्यामुळे ती जागा त्यांना मिळणार हे दरवानालाही ठाऊक होतं. फक्त मॅनेजरांना ठाऊक नव्हतं.

"रुबाबराव, चीफ तुम्ही!"

"मी? साहेब, मी टपालावर शिक्के मारतो!"

"गिऱ्हाइकांचा विश्वास आहे तुमच्यावर. राहता राहिलं ज्ञान, तर बाई आहेतच की सोबत! शुक्रवारी मालक येऊन जाहीर करतील."

तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण नवी पाटी, वेगळी केबिन, फिरती खुर्ची असं डोळ्यांसमोर गरगरलं आणि नकार राहूनच गेला. घरी बायकोला सांगितलं, तर ती हसत सुटली.

"अहो, तुम्हाला घरातला बल्ब बदलता येत नाही! परवा मी स्टुलावर चढले होते आणि तुम्ही खाली उभे राहून 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होतात."

"तेच तर पद आहे!" रुबाबराव म्हणाले.

बायको हसायची थांबली. "आणि त्या बाई?" तिने विचारलं. त्या प्रश्नानंतर रुबाबरावांचं जेवणात लक्ष लागेना.

सकाळी ते बाईंकडे गेले. बाई पाना पुसत होत्या.

"मी नाही म्हणणार आहे, मॅडम."

"म्हणालात?"

"म्हणणार आहे."

"हं," बाई म्हणाल्या. "बघू."

आणि शुक्रवार उजाडला. बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करत होत्या. मालक आले, लिफ्टमध्ये शिरले, बटण दाबलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या कचेरीत! आत साक्षात मालक!

"रुबाबराव, धावा!" मॅनेजर किंचाळले. मग बंद दाराला तोंड लावून म्हणाले, "चिंता नको मालक, आमचे नवे चीफ वर गेलेत!"

नवे चीफ धापा टाकत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचले. दम खायला भिंतीला टेकले, तो खांद्याने इंटरकॉमच्या डब्याचं बटण दाबलं गेलं आणि तसंच रुतून बसलं. आता खोलीतला शब्द न् शब्द खाली लिफ्टमध्ये ऐकू जाणार होता. रुबाबरावांना याचा पत्ताच नव्हता. त्यांनी बाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मॅडम! मालक अडकलेत!"

"घाबरू नका. आधी मेन स्विच बंद करा."

"कुठला? इथे स्विचांची जत्रा आहे!"

"लाल दांड्याचा."

"केला! मॅडम, खोलीत अंधार झाला!"

"तो दिव्याचा आहे, रुबाबराव. परत लावा. लाल! दांड्याचा!"

"हां, झाला. आता?"

"भिंतीवरचं चाक मोटारीला बसवा. एका हाताने ब्रेकची दांडी दाबायची, दुसऱ्याने चाक हळूहळू फिरवायचं. दोरावरची पिवळी खूण समोर आली की थांबायचं."

रुबाबरावांनी चाक बसवलं आणि खाली डोकावून पाहिलं. खाली खोल काळोखात दोर लोंबत होते आणि दोरांना एक जिता माणूस!

"मॅडम, मला नाही हो जमणार! मला नुसतं 'हं' म्हणता येतं. ती जागा तुमची आहे. मॅनेजरांना कळत नाही आणि मला कळतं तर मी गप्प बसलो!"

"मग मालकांनाच सांगा की हे."

"मालकांसमोर माझा आवाजच निघत नाही!"

"निघतोय," भिंतीवरचा डबा बोलला. "चांगला खणखणीत निघतोय. पण आधी चाक फिरवा!"

रुबाबरावांनी डब्यालाच हात जोडले.

"मालक," फोनमधून बाई शांतपणे म्हणाल्या, "दाराला हात लावू नका. मागच्या भिंतीला टेकून उभे राहा."

"बरं, बाई."

मालकांनी कुणाचं तरी निमूटपणे ऐकल्याची ही कंपनीच्या इतिहासातली पहिलीच वेळ! रुबाबरावांनी डोळे विस्फारून चाक फिरवलं, बाई "हळू... अजून... हळू" म्हणत राहिल्या, पिवळी खूण आली आणि खाली दार उघडलं.

मॅनेजर गुच्छ घेऊन उभेच होते. "मालक, आता आमच्या चीफना..."

"चीफशी माझं आत्ताच बोलणं झालं," मालक घाम पुसत म्हणाले. "हॉस्पिटलातलं काम आटपलं की त्यांना माझ्याकडे पाठवा."

"पण गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"आत अडकून बघा, मग कळेल गिऱ्हाइकं काय म्हणतात ते!"

बाई चीफ झाल्या. सोबतीचा पुरुष पाठवायची पद्धत त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली. रुबाबराव स्वतःहून त्यांच्याकडे गेले आणि हाताखाली शिकतो म्हणाले. बाईंनी त्यांना हत्यारांची पिशवी दिली. मेन स्विच आता त्यांना न विचारता ओळखता येतो.

परवा ते दोघं एका नव्या इमारतीत गेले. सेक्रेटरी बाईंना वळसा घालून थेट रुबाबरावांपुढे हात जोडून उभे राहिले. "या साहेब, या!"

"साहेब या आहेत!" रुबाबराव असे गरजले, की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "मी नव्हे!"

बाई केव्हाच जिना चढू लागल्या होत्या. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं, मिशांकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं.

"मग तुम्ही कशाला आलात?"

रुबाबरावांनी जरा विचार केला. "सध्या तरी, हेच सांगायला," ते म्हणाले आणि पिशवी खांद्यावर टाकून बाईंच्या मागोमाग जिने चढू लागले. लिफ्ट बंद होती ना!