पातेल्याखालचा राऊटर

"आबांना तेवढा नवा पासवर्ड देऊ नगंस बरं का," तांदूळ निवडता निवडता विठाबाईंनी सुनेला बजावलं, तेव्हा चैताली मनातल्या मनात हसली होती. सासूबाई चहात साखर मोजून घालतात, आता वायफायही मोजूनच देणार, एवढंच तिला वाटलं.

कुरवंड्यातल्या त्या घरात तोवर राऊटर म्हणून एक अख्खा जुना कॉम्प्युटर होता. चैतालीचा दीर संदेश इंजिनिअरिंगला असताना त्याने भंगारातल्या डब्यात कसलंसं फुकटचं सॉफ्टवेअर घालून त्याचा राऊटर केला, आणि पुण्यात नोकरी लागल्यावर तो वहिनीच्या गळ्यात टाकून निघून गेला. डबा ट्रॅक्टरसारखा घरघरायचा, तापायचा आणि तासातासाला अडकायचा. पुन्हा सुरू व्हायला सात मिनिटं घ्यायचा. रेंज ओसरीपर्यंतच. म्हणून शेजारचे महिपती आबा रोज सकाळी दहाला फोन घेऊन ओसरीवर येऊन बसायचे.

आबांची बायको गेलेली, लेक तेजल नाशिकला दिलेली. त्यांना बघायच्या असायच्या फक्त बैलगाडा शर्यती. डबा अडकला की शर्यतीच्या घाटात बैलांचे पाय हवेतच राहायचे आणि आबा ओरडायचे, "ए सूनबाई, बैल अडकलं बघ!" चैताली उठून बटण दाबायची. त्या सात मिनिटांत आबांचा चहा व्हायचा आणि चैतालीच्या चार वर्षांच्या लेकीला, सृष्टीला, त्यांच्या स्वतःच्या बैलाची शर्यतीतली एखादी बारी ऐकायला मिळायची.

चैतालीला मात्र त्या डब्याची धास्ती होती. सृष्टीने पंख्यात बोट घातलं तर? ओल लागून वायर पेटली तर? शेवटी एका शनिवारी ती लोणावळ्याच्या बाजारात गेली आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त राऊटर घेऊन आली. पांढरा, साबणाच्या डबीएवढा, तीन शेंड्यांचा. सोबत वीज गेली तरी तो चालू ठेवणारी छोटी बॅटरी. दहा मिनिटांत सगळं जोडून झालं.

"वहिनी, त्या डब्यावर मी दोन वर्षं घातलीत!" फोनवर संदेश कळवळला.

"आणि मी चार वर्षं त्याचं बटण दाबलंय, भाऊजी."

नव्या राऊटरची रेंज भिंत ओलांडून थेट आबांच्या घरात. चैतालीने मोठ्या उत्साहाने त्यांच्या फोनवर नवा पासवर्ड घालून दिला.

"म्हंजी आता हितं यायला नगं?" आबांनी विचारलं.

"अजिबात नको! घरात आडवं पडून बघा."

"बरं झालं," आबा म्हणाले. हातातला कप त्यांनी तसाच खाली ठेवला. चहा अर्धा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सृष्टीमागे धावताना दूध उतू गेलं, तेव्हा चैतालीच्या लक्षात आलं की एवढे दिवस सकाळचा एक तास पोरीवर आणखी एक नजर असायची.

"मी काय चिक्कूपणानं म्हणलं व्हतं का?" विठाबाई करवादल्या. "त्या घरात हाय कोण त्येच्याशी बोलायला? आपल्याकडं येतुया तर ईना का, म्हणून म्हणलं. तू त्येला घरातच कोंडलास."

चैताली लगेच बोलवायला गेली. "आबा, या ना चहाला."

"हितंच झकास येतंय की गं. कशाला तुमाला तरास." सुनेने गोड बोलून वाटेला लावलं, अशीच त्यांची समजूत झालेली दिसली.

मग चैतालीने शिकल्यासवरल्या डोक्याने विचार केला. रेंज बिघडली की आबा येतील. तिने राऊटर स्वयंपाकघरात नेला, तांदळाच्या कोठीमागे ठेवला आणि वर स्टीलचं पातेलं पालथं घातलं. संध्याकाळी कामावरून आलेला तिचा नवरा अतुल फोन हातात धरून घरभर फिरला आणि शेवटी कोठीपाशी थांबला.

"चैताली, राऊटर पातेल्याखाली का आहे?"

ती उत्तर देणार, तोच भिंतीपलीकडून आबांची खणखणीत हाक आली, "सूनबाई, आज तर लयच चकाचक येतंय बरं का!"

कोठीमागची भिंत दोन्ही घरांची सामाईक होती.

अतुलने हसत हसत राऊटर जागेवर ठेवला आणि बायकोची काळजी मिटावी म्हणून तिच्या फोनमध्ये राऊटरचं ॲप घालून दिलं. कोण जोडलेलं आहे ते त्यात दिसायचं. 'महिपती' या नावापुढे हिरवा ठिपका. चैतालीचा जीव भांड्यात पडला. कुकर लावताना बघ, सृष्टीची वेणी घालताना बघ. ठिपका हिरवा म्हणजे आबा ठीक. मग भिंतीला वळसा घालून जायचं कशाला? त्या आठवड्यात विठाबाई लेकीकडे वडिवळ्याला गेलेल्या, अतुलची जादा पाळी, सृष्टीला सर्दी. ठिपका हिरवाच होता.

गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडून शर्यतीचा आवाज येत होता. निवेदक ओरडला, "झाली... भिर्रर्र!" जरा वेळाने पुन्हा तेच. तीच बारी, तोच बैल, तेच अकरा सेकंद. सृष्टी म्हणाली, "आई, हाच बैल काल पण जिंकत होता."

चैतालीच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

आबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. फोन फळीवर चार्जिंगला लावलेला, एकच शर्यत फिरून फिरून चाललेली. मोरीच्या दाराशी आबा पडले होते, आदल्या सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"आबा, हाक नाही का मारायची!"

"मारली की," आबा कोरड्या ओठांनी म्हणाले. "लय मारली. पर त्यो निवेदक माझ्याहून जोरात वरडतोय. थांबंनाच. तुजं नवं मशीन लय भारी हाय, सूनबाई. एकदाबी अडकलं न्हाई."

तळेगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आता आबा वॉकर धरून दारापर्यंत येतात, त्यापुढे नाही. चैतालीने माळ्यावरून जुना डबा काढून पुन्हा जोडला, तर तो सुरूच झाला नाही. मग रोज दहाला तीच सृष्टीला आणि चहाला घेऊन भिंतीला वळसा घालायला लागली. जूनमध्ये अतुलच्या नोकरीपायी सगळं घर बेगडेवाडीला हलेपर्यंत हे चाललं. आबांना तेजलने नाशिकला नेलं, तर ते आठच दिवसांत परत आले. आबांसाठी राऊटर कुरवंड्यातच चालू ठेवला आहे. चैतालीला बेगडेवाडीतूनही ठिपका दिसतो, हिरवा. त्यावर तिचा आता काडीचा विश्वास नाही. रविवारी ती जाऊन येते. उरलेले सहा दिवस तिला खातात.

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. तुमच्यातले पुष्कळ जण सुट्टीला नागफणीचा सुळका चढायला कुरवंड्यात येता. चढायच्या आधी महिपती आबांचं घर विचारा, कुणीही दाखवील. आतून शर्यतीचा आवाज येईल. त्यावर जाऊ नका. दार ढकला, हाक मारा, आणि आबांनी स्वतःच्या तोंडाने 'ओ' दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.