शनवारआबाच्या करवंट्या

शनिवारी दिवेलागणीला आबा माझ्या दुकानात यायचा तो कानांवर करवंट्या बांधून. नारळाच्या दोन अर्ध्या करवंट्या, घासून गुळगुळीत केलेल्या, काथ्याच्या दोरीने डोक्यावरून एकमेकींना जोडलेल्या. एखादा परगावचा माणूस बाकावर असला तर तो आधी करवंट्यांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी सोड्याची गोळी आत ढकलून बाटली त्याच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "बसा निवांत. आता आकाशातली माणसां हरवतली."

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं सोडावॉटरचं दुकान. आबाचं घर माझ्या घराला लागून, मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. बारा वर्षं दर शनिवारी मी हा खेळ बघितला आणि तोही फुकट नाही, कारण खेळ चालू असताना लोक सोडा प्यायचं विसरत.

आबा बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. पंचावन्न सालच्या सुमारास त्याची बोट दुरुस्तीसाठी लंडनच्या गोदीत अडकून पडली आणि खलाशांना किनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये ठेवलं. तिथल्या दिवाणखान्यात टेलिव्हिजन होता. रेडिओच, पण समोर काच आणि काचेत हलणारी माणसं. त्यावर दर शनिवारी विलायती लोकांचा एक खेळ लागायचा. चार माणसं अग्निबाणात बसून चंद्राच्याही पलीकडे जातात, तिथे इंजिन बिघडतं आणि परत यायची वाट बंद होते. खाली इंग्लंडात एक म्हातारा शास्त्रज्ञ कानांना यंत्र लावून त्यांना हाका मारत बसतो. बस्स, एवढंच. पण त्याने आबाच्या डोक्यात जे घर केलं ते कायमचं.

आचऱ्याच्या लोकांना हे समजावणं सोपं नव्हतं. आम्ही दशावतार बघून मोठे झालेले लोक. पहिला प्रश्न आला तो, "राक्षस खंय आसा ह्यात?"

"राक्षस नाय," आबा म्हणाला.

"मगे मारतत कोणाक?"

"कोणाकच मारणत नाय. ते परत येवची वाट बघूची."

यावर दोघेजण उठून घरी गेले. उरलेल्यांना विलायती नावं पेलेनात, म्हणून आबाने अग्निबाणातल्या माणसांना बापू, दाजी आणि तुकू अशी नावं देऊन टाकली. चौथ्याला मात्र त्याने नाव दिलं नाही. त्याला तो नुसता 'इंजिनवालो' म्हणायचा. माझे सोड्याचे रिकामे पेटारे एकावर एक चढले की झाला अग्निबाण. स्वतः आबा करवंट्या लावून समोर बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची हाक घालायचा.

"हॅलो, हॅलो! आसास मां? ऐकतास मां?"

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालताना दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायची रीत आहे. त्यामुळे पहिल्या शनिवारी आबाची हाक संपायच्या आत बाकावरच्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आबा असा भडकला की करवंट्या मानेवर आल्या. "कोणी जाब देव नुको, मेल्यांनू! वरसून जाब येणा नाय, तोच तर खेळ आसा!"

तेव्हापासून ठरलं. आबाने हाक मारली की सगळ्यांनी गप्प राहायचं. आणि गंमत म्हणजे आम्ही राहायचो. काड्यापेटी वाजवायलाही माणसं कचरत. तेवढ्यात आबा डोळे उघडून बाईच्या आवाजात म्हणायचा, "बाकीचा फुडल्या शनवाराक!" टेलिव्हिजनवर एक गोरी बाई येऊन असंच सांगायची म्हणे. हे वाक्य पुढे त्याच्या जिभेला इतकं चिकटलं की गडगा दुरुस्त करायचं काढलं तरी तेच आणि दाढदुखीचं औषध विचारलं तरी तेच. म्हणून त्याचं नाव पडलं शनवारआबा.

खेळाचे भाग होते सहा. आबाला पाच यायचे. पाच झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. सहावा विचारला तर आबाचा चेहरा बंद व्हायचा.

"तो वासू सांगतलो," एवढंच म्हणायचा.

वासू हा त्याचा धाकटा भाऊ. त्याच बोटीवर आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा घालायचा. दोघे भाऊ लॉजच्या जमिनीवर मांडीला मांडी लावून खेळ बघत. पाचवा भाग झाला आणि मधल्या दिवसांत उकळतं पाणी सांडून आबाचा हात भाजला. कंपनीने त्याला दुसऱ्या बोटीने घरी धाडलं. धक्क्यावर सोडायला आलेला वासू म्हणाला, "तू जा रे. शेवट मी बघतंय आणि घराक येवन सांगतंय."

आबा घरी पोचला. वासूची बोट मागून निघाली ती वादळात सापडून बुडाली. काही खलाशी दुसऱ्या बोटीने उचलले. काहींची प्रेतं मिळाली. वासूचं नाव वाचलेल्यांत नव्हतं आणि मेलेल्यांतही नव्हतं.

आता सांगा, माणसाने काय धरायचं? आबाने धरलं की वासू शेवट सांगायला येणार आहे. ज्याने कबूल केलंय तो येणारच. त्याचा हिशेब इतका सरळ होता की त्याच्याशी वाद घालायला जागाच नव्हती.

पण त्या घरात तिसरं माणूस होतं. वासूची बायको, सुलोचना. बातमी आली तेव्हा विशीतली पोर होती. आबाने तिला बजावलं, कुंकू पुसायचं नाही. तिने पुसलं नाही. मग गावातल्या बायकांची पंचाईत झाली. हळदीकुंकवाला बोलवावं तर मनात पाल चुकचुकते आणि न बोलवावं तर जिवंत माणसाला मारल्यासारखं होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. तिच्या दारावरून जाताना त्या आपसांत मोठ्याने बोलायच्या, म्हणजे हाक मारायची राहून गेली असं वाटावं. सुलोचना विहिरीवर कोणी नसताना पाणी आणायची. माहेरी जायचं बंद झालं, कारण तिथेही हाच घोळ. बाई गोरीपान होती, सुकत सुकत काठीला लुगडं नेसवल्यासारखी झाली.

एकदा गडग्याशी उभी राहून मला म्हणाली, "भाऊ, तुमी आबांका सांगा. बरो जाब येव दे नायतर वायट. माका कसलोय एक जाब होयो."

आबाच्या या खेळाला आम्ही हसायचो, पण त्या खेळाखाली एक बाई चिरडत होती, हे तिठ्यावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. बारा वर्षं होत आली तेव्हा गावचे मानकरी आबाच्या ओटीवर बसले. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून मोकळा हो म्हणाले. नाहीतर देवाला कौल लावू, देव सांगेल ते खरं.

आबाने शांतपणे सगळ्यांना चहा दिला. "वासू येवन शेवट सांगांदे," म्हणाला, "मगे काय तो कौल लावा."

मानकरी उठले. एकाने जाता जाता रागाने म्हटलं, "अरे, मेलीत ती चारय माणसां! हो घे शेवट!" आबाने ओटीवरची विळी उचलली होती. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी बाबला सारंग दुकानात आला. देवगडचा माणूस. उभा जन्म बोटीवर काढून आता घरी बसलेला, पुतणीचं लग्न जमवायला आचऱ्यात आला होता. मी सोडा दिला. एवढ्यात आबा करवंट्या लावून आला, पेटारे चढवले, बापू-दाजी-तुकू वर गेले, इंजिनवाला कोळशासारख्या काळ्या हातांनी इंजिन उघडून बसला. बाबला सारंग बाटली तशीच धरून बघत राहिला.

"आरे, ह्यां मी बघलंय!" तो ओरडला. "लंडनाक, लॉजात! शेवटाक तो म्हातारो..."

"गप!" आबाने दोन्ही करवंट्या कानांवर घट्ट दाबल्या. "एक शब्द बोलू नुको. शेवट माका वासू सांगतलो."

"वासू? आगवालो वासू?" सारंग चटकन उभा राहिला. "तू वासूचो भाव?"

आबाचे हात खाली आले.

सारंग बाकावर बसला आणि बाटली बाजूला ठेवून हळूहळू बोलला. त्याची बोटही तेव्हा तिथेच होती, राहायला तोच लॉज होता. "वासूची बोट शुक्रवारी सुटली रे. शनवारचो खेळ तेका गावलोच नाय. कप्तानाच्या नावान शिव्या घालीत होतो. जाताना माका म्हणालो, सारंगानू, शेवट नीट बघून ठेवा. कधीतरी भेटलास की माका सांगा, माका घराक जावन भावाक सांगूचो आसा."

दुकानात कोणी हललं नाही. आबाने कुणाला गप्प बसायला सांगितलंही नव्हतं.

"म्हणजे," आबा म्हणाला, "शेवट वासूक म्हायत नाय."

"नाय."

"तेका कोणीच सांगूक नाय."

"कोण सांगतलो? बोट थयसूनच गेली."

आबाने डोक्यावरून करवंट्या काढल्या आणि मांडीवर ठेवल्या. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच खेळ अर्धा टाकून बसला होता. ज्याला शेवटच ठाऊक नाही तो सांगायला येणार कसा? आबा करवंटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "सांग."

सारंगाने सांगितलं. फारसं काही नव्हतंच. चौघांतलं कोणी परत आलं नाही. म्हातारा हाका मारून मारून थकला. शेवटी त्याने कानांवरचं यंत्र काढलं, कोट घातला, खोलीतला दिवा घालवला आणि घरी गेला. मग काच काळी झाली. ती गोरी बाई आली, पण पुढल्या शनिवारचं काही बोलली नाही.

आबा उठला. पेटारे स्वतः खाली उतरवले, जागच्या जागी लावले आणि घरी गेला. मी दुकान बंद करून गडग्याशी आलो तर आबा करवंट्या हातात घेऊन पायरीशी थांबला होता आणि सुलोचना दारात उभी होती.

"आबा, जाब इलो?" तिने विचारलं.

"इलो गो," आबा म्हणाला.

ती दाराची चौकट धरून खाली बसली आणि रडली. इतकी वर्षं गावात कोणी तिला रडताना बघितलं नव्हतं, कारण रडणं म्हणजे अपशकुन झाला असता. आबा तिच्याजवळ पायरीवर बसला. डोक्यावर हात ठेवायची आमच्याकडे थोरल्या दिराला रीत नाही, म्हणून तो नुसता बसून राहिला.

दुसऱ्याच दिवशी तो भटजींकडे गेला.

विधी खाडीच्या तोंडाशी केला. आम्ही शेजारपाजारचे आठ-दहा पुरुष होतो. बाबला सारंगही देवगडहून मुद्दाम आला होता आणि सगळ्यांच्या मागे उभा होता. भटजींनी दर्भाचा पुतळा मांडला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. अशा वेळी नारळच ठेवतात. आबा पुढे झाला, पिशवीतून करवंट्या काढल्या आणि त्या नारळाच्या दोन्ही अंगांना लावून काथ्याची दोरी वरून नीट बसवली.

दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो. नारळाला करवंट्यांचे कान! भटजी म्हणाले, "आबा, हे शास्त्रात नाही."

"तेका ऐकाक येवक होया मां?" आबा म्हणाला.

भटजी बाजूला सरकले. आबा गुडघ्यांवर बसला, पुतळ्याच्या कानाशी वाकला आणि नेहमीची हाक मारली.

"हॅलो, हॅलो. वासू, आसास मां? ऐकतास मां?"

आम्ही गप्प. सवयच होती. खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं, त्याचा तेवढा आवाज येत होता.

"शेवट माका गावलो रे. ऐक. चारय जण परत इले. बापू इलो, दाजी इलो, तुकू इलो. इंजिनवालो सगळ्यांच्या मागसून उतारलो, तेचे हात काळे झाल्ले. म्हातारो धक्क्यार उभो होतो. तेणा काळ्या हातांवरसून तेका वळाखल्यान. घराक नेल्यान, न्हाणयल्यान, जेवक वाढल्यान. चारय जण घराक पोचले, वासू. कोणीच मागे रवाक नाय."

मग त्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं. नुसतं बघत राहिला. तो कशासाठी थांबलाय हे आमच्या ध्यानात येईना. ज्या माणसाने बारा वर्षं आम्हाला जाब देऊ दिला नाही, तो आता जाब मागत होता.

पहिला पुढे आला तो बाबला सारंग. खरा शेवट आपल्या डोळ्यांनी बघितलेला आमच्यातला तो एकटाच माणूस. त्याने पुतळ्यासमोर हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

मग आम्ही सगळे म्हणालो.