घेवरचंदशेटच्या मोटारीचा मुहूर्त

"नवरदेव मोटारीतूनच येईल! आणि मोटार अशी, की अख्खं जळगाव तोंडात बोटं घालेल!"

घेवरचंदशेट बोलून बसले खरे, पण मोटारीची दशा काय होती? वडिलांनी सदतीस साली घेतलेली ती विलायती गाडी पंधरा वर्षं शेटच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात सडत पडली होती. मडगार्डची चाळण, दारांना पोचेच पोचे, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची! लेकीच्या, कुसुमलतेच्या साखरपुड्यात धुळ्याचे व्याही फुलचंदशेट सगळ्यांदेखत म्हणाले होते, "या डब्यात आमचा मुलगा? त्यापेक्षा घोडा बरा!" तेव्हापासून शेटना अन्न गोड लागत नव्हतं.

मग चोपड्याहून मोटारींचा पत्रा ठोकणारा हिलाल मिस्तरी आला. बैल घेताना फिरवतात तसा त्यानं पत्र्यावरून हात फिरवला, डोळे मिटून.

"शेटजी, पत्रा जित्ता शे. फक्त रुसेल शे!"

आणि काय सांगू महाराज! चार महिने नुसती टकटक. तो हातोडी मारत नव्हता, गाडीची समजूत काढत होता! शेट आधी उगाच डोकावून जायचे, पुढंपुढं स्टूल टाकून तिथंच बसायला लागले. कुजका पत्रा कापून हिलालनं नवा जोडला, तर सांधा कुठं आहे तो शेटना भिंगातूनही सापडेना.

"हात आहेत का काय आहेत रे हे!" शेट म्हणाले. त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं घरात कुणी ऐकलं नव्हतं. सूरजबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला!

रंगाचा शेवटचा हात दिवाळीत आला. बाहेर धूळ उडत होती, म्हणून दिवाळीसाठी बंद असलेल्या जिनिंगच्या शेडमध्येच, ताडपत्रीच्या पडद्याआड रंगकाम झालं. दुसऱ्या दिवशी लाभपंचमी. यंत्राची पूजा करून ते पाच मिनिटं तरी चालवायचं, ही शेटच्या वडिलांपासूनची रीत.

"रंग आजून वला शे," हिलाल म्हणाला. "यंत्र दुपारनंतर चालाडा, शेटजी."

"मी हात वर केल्याशिवाय माझ्या जिनिंगमध्ये पान हलत नाही!" शेटनी छाती फुगवली आणि यंत्रवाल्या सुकदेवलाही तशी ताकीद दिली.

सकाळी पूजा झाली. मोटारीलाही हळदकुंकू दाखवावं म्हणून हिलालनं पडदा सारला.

शेट थिजलेच! ती काळी, तुकतुकीत, डोहासारखी खोल मोटार! शेडचं छप्पर, पूजेचा दिवा, शेटचं पागोटं, सगळं तिच्या अंगात उतरलं होतं. वडिलांनी ती घरी आणली तेव्हासुद्धा ती एवढी देखणी नव्हती. शेटच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवा रे देवा!" म्हणत त्यांनी दोन्ही हात वर केले.

सुकदेवनं खटका दाबला.

यंत्रं धडधडली आणि रुई अशी उसळली की समोरचा माणूस दिसेना! "अरे, बंद कर!" शेट हात नाचवत बोंबलले. पण त्या खडखडाटात ऐकू कुणाला जाणार? सुकदेवला वाटलं, शेट खुशीत आले! त्यानं उरलेली यंत्रंही सुरू केली.

सगळं थांबलं तेव्हा मोटार नव्हतीच. तिच्या जागी चाकांपर्यंत पांढरीशुभ्र रास होती. "चार महिना, शेटजी!" एवढंच हिलाल बोलला.

आणि नेमके त्याच वेळी, धुळ्याहून खास मोटार बघायला आलेले फुलचंदशेट दारात उभे! गडी कापसाचा जुना व्यापारी. तडक राशीपाशी गेले, चिमूटभर रुई उपटून दोन बोटांत ताणली आणि उजेडात धरली.

"वाहवा! काय लांब धागा आहे! व्याही, ही रास दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, मी घेतली! बरं, आता ती मोटार दाखवा. कुठंय?"

घेवरचंदशेटनी पागोटं सारखं केलं, घसा खाकरला.

"मी काय म्हणतो, व्याही... घोडा पांढरा सांगायचा का तांबडा?"