कंट्रोल-डब्ल्यू आणि बाबांचं बोट

दोष बाबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी "पण पोरा, तुझंही जरा..." असं कोणी सुरू करायला नको.

मी कॉलेज सोडलं तेव्हा बाबा माझ्यावर ओरडले, आई बाबांवर ओरडली आणि मग दोघं मिळून माझ्यावर ओरडली. (आमच्या घरात एकी अशी होते.) पण सांगा, जिथले सर कॉम्प्युटर फळ्यावर शिकवतात, खडूने की-बोर्ड काढून, तिथे माणसाने बसायचं तरी किती? मी म्हटलं, घरी बसून खरंखुरं काहीतरी बनवतो. आणि बनवलं!

बाबांचं लेबलं छापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, बाबांच्या मानेवर श्वास सोडत उभं राहतं आणि "हे जरा इकडे, ते जरा तिकडे" करत अर्धा दिवस खातं. मी ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर बनवला. दुकानात यायची गरजच नाही! गिऱ्हाइकाने आपल्या ऑफिसात बसून लिंक उघडायची आणि आपलं लेबल आपणच सरकवत बसायचं. शॉर्टकटसुद्धा बाबांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधलेच घातले. कंट्रोल-डी दाबलं की दुसरी प्रत तयार. कंट्रोल-झेड दाबलं की चूक पुसली. बाबांची बोटं नवीन काही शिकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मोबाइलवरचा फ्लॅशलाइट लावायला ते अजून शिकलेले नाहीत.

बाबा म्हणाले, "आपल्याकडून बाटल्यांची लेबलं घेतात त्या फिनाईलवाल्या बाईंना दाखवू. त्यांनी हो म्हटलं तर दुकानाची मागची खोली तुझी, आणि कॉलेज हा शब्द मी तोंडातून काढणार नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"सोमवारी सकाळी सातचा तास."

"मागच्या खोलीतले रिकामे डबे मग कुठे ठेवायचे?" आईने विचारलं. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच मी त्यातून घेतलं.

सरावाला बाबांना बसवलं. त्यांनी झोकात लेबल काढायला घेतलं, एक चौकोन, एक गोल, आणि अचानक सगळं गायब!

"तुझं यंत्र पळून गेलं," बाबा म्हणाले.

"तुम्ही काय दाबलंत?"

"काही नाही. कंट्रोल-डब्ल्यू."

तर हे कंट्रोल-डब्ल्यू. बाबांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं चित्र हलवलं की त्याचं खरकटं स्क्रीनवर मागे राहायचं. कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की स्क्रीन पुसून लख्ख. बाबा ते खरकटं असलं तरी दाबतात, नसलं तरी दाबतात. विचार करताना तर दाबतातच, जसं काही लोक मिशीवरून हात फिरवतात. आणि ब्राउझरमध्ये त्याच बटणांनी अख्खी खिडकी बंद होते! बाकी सगळे शॉर्टकट ब्राउझर तुम्हाला वापरू देतो, पण दोन-चार स्वतःकडे राखून ठेवतो. घरमालकाने घर भाड्याने द्यावं आणि मेन स्विच आपल्या खोलीत ठेवावा, तसं. त्याला हात लावता येत नाही. मी तीन रात्री लावून पाहिला.

"मग आपोआप सेव्ह होईल असं कर ना," बाबा म्हणाले.

"सेव्ह करणं हे वापरणाऱ्याचं काम आहे, बाबा. मी एडिटर लिहितोय, पाळणाघर चालवत नाहीये."

(हे वाक्य लक्षात ठेवू नका.)

त्याऐवजी मी खिडकी बंद होण्याआधी प्रश्न येईल अशी सोय केली : खरंच बाहेर पडायचं का? बाबांनी कंट्रोल-डब्ल्यू दाबलं, प्रश्न आला, बाबांनी एंटर दाबलं. गायब!

"वाचलंत तरी का?"

"प्रश्न आला की हो म्हणायचं. वाचत बसलो असतो तर तुझ्या आईशी संसार झाला असता का?"

मग मी आईची लोणी लावायची सुरी घेतली आणि डब्ल्यू उपटूनच काढला. सुरी वाकली, आई किंचाळली, आणि बाबांचं बोट त्या खड्ड्यात जाऊन आतला रबर दाबू लागलं. शेवटी डब्ल्यू परत बसवला आणि त्यावर पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला. बोट गेलं की खरखर. चार दिवसांत बाबा सुधारले! या वयातला माणूस शिकू शकतो, फक्त टोचायला हवं.

प्रात्यक्षिक ठरलं बाईंच्या ऑफिसात, बाईंच्या कॉम्प्युटरवर. तिथे पॉलिश पेपर नव्हता, म्हणून मी बाबांना भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि हात मांडीखाली घ्यायला लावले. खरंच लावले.

आणि काय रंगलं म्हणून सांगू! निळी बाटली, वर लिंबू, खाली चमकणारी फरशी. बाई म्हणाल्या, "लिंबू मोठं करा." केलं! "अजून मोठं!" केलं! "आता दोन लिंबं!" कंट्रोल-डी! बाई खुर्चीतून उठल्या, बाहेरच्या हिशेबनिसाला हाक मारली, "अहो, इकडे या, लिंबू बघा!" दोघंही माझ्या मानेवर श्वास सोडायला लागले.

मागून बाबा पुटपुटले, "सेव्ह कर."

मी मान हलवली नाही. ऐन रंगात सेव्ह करणं म्हणजे घाबरल्यासारखं दिसतं.

"छान आहे हो हे," बाई म्हणाल्या. "फक्त ते दुसरं लिंबू जरा डावीकडे."

मी लिंबू डावीकडे घेतलं. ते होतं तिथे एक ठिपका मागे राहिला. खरकटं!

मी कंट्रोल-डब्ल्यू दाबलं.

मी. माझ्या डाव्या हाताने. लहानपणापासून बाबांच्या मांडीवर बसून जे पाहिलं, ते बोटाने मला न विचारता केलं. प्रश्न आला. मी एंटर दाबलं.

समोर बाईंची दुसरी खिडकी उघडी होती. तिच्यात उद्याचं हवामान होतं.

बंद झालेली खिडकी परत आणायची युक्ती असते. केली. खिडकी आली, आत पांढरं शुभ्र. एकही लिंबू नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मांडीखालून हात काढले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दुकानात काढून आणतो, बाई. माझ्या जुन्यावर. दोन्ही लिंबं."

"तेच बरं," बाई म्हणाल्या.

परतताना बाबा स्कूटर चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "खरकटं होतं का रे?"

"नव्हतं. काचेवर धूळ होती."

"मलाही खरकटंच वाटलं," बाबा म्हणाले. "मांडीखाली माझ्याही बोटाने कंट्रोल-डब्ल्यू दाबलं."

म्हणजे बघा. बोट त्यांचंच. मी फक्त वापरलं.

मागच्या खोलीत रिकामे डबे आहेत. आईला नवी सुरी मी आणून दिली. सोमवारपासून सकाळी सातच्या तासाला बसतो. अजून तीन वर्षं बसायचं आहे.