भालेराव अण्णांचा रविवार

भालेराव अण्णांकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेले अण्णा बंगळूरच्या आमच्या मल्लेश्वरममध्ये कुणी पाहिले नव्हते. रविवारी सकाळी काळा लोकरी कोट, टाय आणि पँटला क्लिपा लावून ते निघत. कॅरियरवर चादरीत गुंडाळलेली बाजाची पेटी बांधलेली असे आणि अण्णा हँडल धरून बाजूनं चालत.

"आज पेटी बसलीय," ते सांगत.

"मग इतर दिवशी तुम्ही का बसत नाही?" मी एकदा विचारलं.

"सायकलला सवय लागायला नको."

अण्णा नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पन्नासच्या दशकात एका कारखान्यात नोकरीला म्हणून बंगळूरला आले आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहू लागले. बायको नगरलाच वारलेली, मूलबाळ नाही. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड. "तुमची भाषा म्हणजे श्रीखंडात सांबार," असं अण्णा म्हणत. त्यांचं स्वतःचं कन्नड मात्र 'सरी', म्हणजे 'बरं', या एका शब्दावर चाले. कुणी पत्ता विचारला, सरी. कुणी भांडण काढलं, तरी सरी.

आणि या कन्नडच्या बळावर ते यशवंतपूरच्या पलीकडे एका खेड्यात उपासना चालवत. तिथं ख्रिस्ती घरं मोजकीच, ना चर्च ना पाद्री. अण्णा कुणाच्या तरी लग्नाला जाताना वाट चुकून तिथं पोचले होते. टाय बघून लोकांना वाटलं, पाद्री आले. त्यांनी काहीतरी विचारलं, अण्णा सवयीनं "सरी" म्हणाले, आणि लोक चटया अंथरायला लागले. "दर रविवारी याल का, असं विचारलं होतं म्हणे," अण्णा मला सांगत होते. "आता शब्द दिला तो दिला."

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. करंजाच्या झाडाखाली माणसं जमली होती. पुढे मार्तक्का बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. अण्णांनी पेटी उघडली आणि गायला सुरुवात केली. पेटी एकीकडे, अण्णा दुसरीकडे आणि गाव तिसरीकडे, पण शेवटच्या ओळीला सगळे एकत्र पोचले.

मग उपदेश, मराठीत चार ऐकीव कन्नड शब्द पेरून. त्या दिवशी हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. कन्नडमध्ये मेंढराला 'कुरि' म्हणतात, खुर्चीला 'कुर्ची'. अण्णांचा मेंढपाळ नव्व्याण्णव खुर्च्या रानात सोडून एका हरवलेल्या खुर्चीच्या शोधात निघाला.

"अण्णा, कुरि," मार्तक्का म्हणाल्या.

"सरी, कुरि," अण्णा म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात ती खुर्ची सापडली, मेंढपाळानं ती खांद्यावर घेतली, घरी आणली आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. मी खाली मान घालून हसू दाबत होतो. बाकी कुणीच हसलं नाही. एका बाईनं तर डोळे पुसले.

उपासनेनंतर सगळे पंगतीला बसले. नाचणीचा मुद्दा, म्हणजे पिठाचा शिजवलेला गोळा, चावायचा नसतो, रश्शात बुडवून गिळायचा असतो. अण्णा तो प्रत्येक रविवारी चावत आणि दुपारभर दातांशी झगडत. मी हळूच मार्तक्कांना कन्नडमध्ये विचारलं, "यांचं बोलणं तुम्हाला समजतं?"

"थोडं समजतं," त्या म्हणाल्या. "ज्यांचं सगळं समजेल, ते लोक आमच्या गावात पाय ठेवत नाहीत. ठेवला तरी आमच्या घरचं पाणी पीत नाहीत."

पुढे एका पावसाळ्यात अण्णांना विषमज्वर झाला. आम्ही दोघं नवराबायको पेज-औषध बघत होतो. तापात त्यांना एकच घोर, रविवारी गाव वाट बघेल. आणि गावानं बघितलीही. दुसरा रविवार कोरडा गेल्यावर तिसऱ्या रविवारी बैलगाडी आमच्या दारात उभी राहिली. अंगणात चटया पसरल्या गेल्या, आणि अण्णांच्या खिडकीखाली अख्ख्या गावानं पेटीशिवाय उपासना केली. खरं सांगायचं तर सुरात केली.

निघायची वेळ झाली तेव्हा मार्तक्का खोलीत गेल्या. भिंतीला टेकलेलं एकच ताट, एकच पेला त्यांनी पाहिला. बाहेर येऊन मला विचारलं, "याचं इथं कुणी नाही?"

"नाही."

त्या गाडीत बसल्या नाहीत. अण्णांनी आतून क्षीण आवाजात मराठीत, कन्नडमध्ये, खुणांनी विरोध केला. मार्तक्का "सरी" म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या. ताप उतरून अण्णा काठी टेकत हिंडू लागेपर्यंत त्या तिथंच राहिल्या. दिवसभर त्या कन्नडमध्ये रागवत आणि अण्णा मराठीत उत्तरं देत. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येई.

मग एका दुपारी गाडी त्यांना न्यायला आली. अण्णा कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते आपल्या खोलीकडे न वळता आमच्या पायरीवर येऊन बसले.  

"आत भांडी घासून उपडी घालून गेल्यात," ते म्हणाले.

बायकोनं बाहेर येऊन विचारलं, "अण्णा, आमच्यातच जेवता का आज?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली, आणि उठायच्या आधी कोटाच्या बाहीनं चष्मा पुसत राहिले.