रणोजी खेचराच्या पाठीचे अपील

एका जंगलात, मुलांनो, गवत भरपूर होते आणि नियम त्याहून भरपूर होते. गवत निदान उन्हाळ्यात वाळत असे.

त्या जंगलाच्या सैन्यात रणोजी नावाचे एक खेचर होते. तोफेची नळी पाठीवर घेऊन खिंड चढायची, हे त्याचे काम. अकरा हिवाळे त्याने ते केले. अकराव्या हिवाळ्यात बर्फावरून खूर निसटला. रणोजी पडला आणि नळी त्याच्या पाठीवर पडली. तो उठला. नळी पुन्हा लादून घेतली आणि वर पोचवली. तोफ वेळेवर धडाडली. सिंहमहाराजांनी त्याच्या गळ्यात पितळी बिल्ला घातला.

सैन्यात दरवर्षी तपासणी होई. अधिकारी विचारी, "काही तक्रार?" खेचरांच्या तुकडीची रीत अशी, की खूर जुळवायचे, नजर समोर ठेवायची आणि म्हणायचे, "तंदुरुस्त, साहेब." एकदा कोणी "जरा दुखतंय" म्हणाले, तर तुकडी त्याला महिनाभर 'नवरीबाई' म्हणत होती. रणोजीने अकरा वेळा तंदुरुस्त म्हटले. पडल्यानंतरच्या तपासणीत तर सर्वांत मोठ्याने.

निवृत्तीनंतर त्याची पाठ ताठली. तोंड जमिनीपर्यंत पोचेना. खेचर गवत खाते आणि गवत जमिनीवर उगवते, एवढे तुम्हाला शाळेत शिकवले असेलच. मंडळाला ते शिकवलेले नव्हते; पण तो भाग पुढे येईल. हिरव्यागार गवतात उभा राहून रणोजी उपाशी राहू लागला. शेजारची गोदाक्का शेळी गवत उपटून त्याच्यासाठी कुंपणावर ठेवी. पण ती म्हातारी झाली होती आणि तिला दात उरले होते चार.

"सुभेदार," ती म्हणे, "गवत तुमच्या पाया पडतंय आणि तुम्ही आशीर्वादालासुद्धा वाकत नाही."

सेवेत जायबंदी झालेल्यांना उंच गव्हाण आणि रोजचा चारा सरकारकडून मिळे. रणोजीने अर्ज केला. सहा महिन्यांनी उत्तर आले. सेवाकाळात पाठ तंदुरुस्त असल्याच्या अकरा नोंदी उपलब्ध आहेत. सबब दोष जन्मजात आहे. अर्जदाराची आई घोडी व वडील गाढव असल्याने पाठीची घडण मुळातच संशयास्पद आहे. भरतीच्या वेळी याच घडणीचे कौतुक झाले होते, हे मात्र पत्रात नव्हते.

रणोजीने अपील केले. अपील मंडळ डोंगरमाथ्यावर बसे. अध्यक्षस्थानी कासव होते. जन्मभर पाठीवर घर वाहूनही आपण कधी कण्हलो नाही, हे ते प्रत्येक सुनावणीच्या आरंभी सांगे. पाठीच्या कण्याचे तज्ज्ञ म्हणून गांडुळाची नेमणूक झाली होती. त्याला स्वतःला कणा नसल्यामुळे त्याचे मत निःपक्षपाती मानले जाई.

सुनावणीच्या पत्रात एक अट होती. ज्या वस्तूने इजा झाली, ती वस्तू अपिलकर्त्याने स्वतः आणून सादर करावी. तोफेची नळी जंगलाच्या वेशीवर स्मारक म्हणून ठेवलेली होती.

गोदाक्काने पत्र दोनदा वाचून घेतले. "नेलीत तर म्हणतील, पाठ चांगली आहे. नाही नेलीत तर म्हणतील, पुरावा नाही. घरी बसा."

"गोदाक्का, हुकूम आहे."

"अट आहे ती. हुकूम कुठला?"

"लेखी आहे," रणोजी म्हणाला. त्याच्या मते विषय संपला होता.

वेशीवरच्या दोन अस्वलांनी नळी त्याच्यावर लादली. तो चढला. अर्ध्या वाटेवर मागचे पाय आपले आहेत की नाहीत, हे त्याला कळेनासे झाले. तरी ते चालत होते, म्हणून त्याने चौकशी केली नाही.

मंडळाने नळी पाहिली. गांडुळाने तिच्यावरून एक फेरी मारली आणि ती इजा करण्याइतकी जड असल्याचे मान्य केले. मात्र ती येथवर आणणाऱ्या पाठीत दोष कसा मानावा, असा शास्त्रीय प्रश्न त्याने उपस्थित केला.

रणोजीच्या अंगाला घामाचा फेस आला होता. कासव दुष्ट नव्हते. शिवाय त्याला जेवायला जायचे होते. नियमांत एक पळवाट होती, ती त्याला ठाऊक होती. अपिलकर्त्याने मंडळासमोर तोंडी तक्रार केली, तर ती नवी नोंद धरून गव्हाण मंजूर करता येई. एक वाक्य पुरले असते. त्याने गांडुळाला लेखणी उचलायला सांगितले, घसा साफ केला आणि ठरलेल्या शब्दांत विचारले,

"काही तक्रार?"

रणोजीला उंच गव्हाण दिसली. गोदाक्काचे चार दात दिसले. सांगायचे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होते. पण प्रश्न कानांवर पडताच खूर आपोआप जुळले आणि नजर समोर गेली.

"तंदुरुस्त, साहेब."

गांडुळाने बारावी नोंद केली.

त्याच हिवाळ्यात रणोजी गेला, गुडघाभर गवतात, उभ्याउभ्याच. रीतसर पंचनामा झाला. चारा घटनास्थळी मुबलक होता, त्याअर्थी मयतास भूक नसावी, असे त्यात लिहिले आहे. गोदाक्काने सही करायला नकार दिला. तिची सही आवश्यक नव्हती, असेही त्यात लिहिले आहे.

तात्पर्य : मुलांनो, राज्यासाठी पाठ जरूर मोडावी. मात्र मोडताना मोठ्याने ओरडावे, ओरडल्याची पोच घ्यावी आणि मगच उठावे. इतके जमणार नसेल, तर कण्याशिवाय जन्माला यावे. तशांसाठी मंडळात जागा असते.